रास्पबेरी लिकरमधला जेलीचा गोळा

लिकरची, म्हणजे फळांच्या गोड दारूची, बरणी उघडली तर वर लालभडक पाणी आणि खाली शेंबडासारखा लिबलिबीत थर. चमचा घातला की तारा सुटायच्या. वाटलं, गेलं सगळं वाया!

चूक माझीच. रस जास्त निघावा म्हणून रास्पबेरी मिक्सरमधून काढून साखरेबरोबर चांगल्या उकळल्या होत्या आणि त्यावर ४० टक्क्यांची व्होडका ओतली होती. उकळल्याने फळातलं पेक्टिन (जॅम घट्ट करणारा घटक) भरपूर सुटतं, आणि अल्कोहोल लागलं की तेच गोळा होऊन बसतं. म्हणजे नासलं काहीच नव्हतं.

बरणी न हलवता ४ दिवस फ्रिजमध्ये ठेवली. मग वरचं नितळ पातळ नळीने काढलं आणि कॉफीच्या फिल्टरमधून गाळलं. फिल्टर सारखा तुंबायचा, रात्रभर टिपटिप चालू. पिळायचा मोह आवरला, कारण पिळलं की पुन्हा गढूळ. थोडं कमी भरलं, पण काचेसारखं स्वच्छ.

पुढच्या खेपेला फळं न उकळता हाताने हलकी चुरडली आणि पेक्टिनेज (पेक्टिन तोडणारं एन्झाइम) घालून एक दिवस ठेवली. हे व्होडकाच्या आधीच घालायचं; एवढ्या अल्कोहोलमध्ये ते नीट काम करत नाही. पाक नंतर, तोही थंड करून. तळाशी जरासा गाळ आला, एवढंच.