जठराच्या कॅन्सरचा रिपोर्ट: आधी खालचा आकडा बघा

जठराचं ऑपरेशन झालं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला, की घरचे एकच शोधतात: गाठींमध्ये (जठराभोवतीच्या लिम्फ नोड्समध्ये) गेलंय का? मी पॅथॉलॉजिस्ट आहे, हे रिपोर्ट लिहिणं माझं रोजचं काम. माझं सांगणं असं, की त्याआधी एकूण किती गाठी तपासल्या ते बघा.

लिम्फ नोड्सच्या ओळीत २/३१ असं काहीतरी लिहिलेलं असतं. वरचा आकडा कॅन्सर सापडलेल्या गाठींचा, खालचा तपासलेल्या गाठींचा. काही रिपोर्टांत प्रत्येक स्टेशनचा, म्हणजे गाठींच्या ठरावीक जागेचा, हिशेब वेगळा असतो. तिथे बेरीज करून घ्या. ०/३२ आणि ०/७ दोन्ही निगेटिव्हच, पण सात गाठींच्या जोरावर मी कुणाला निर्धास्त राहा म्हणणार नाही. किमान १६ हव्यात, ३० च्या आसपास मिळाल्या तर उत्तम. स्टेजमधला गाठींचा भाग, म्हणजे ‘एन’ (नोड), या मोजणीवरच ठरतो: १-२ गाठींत असेल तर एन १, ३ ते ६ एन २, ७ ते १५ एन ३ ए, १६ किंवा जास्त असतील तर एन ३ बी. सातच तपासल्या, तर एन ३ बी कागदावर येणारच कशी?

आकडा कमी आला म्हणजे सर्जन कमी पडले, असं लगेच धरू नका. गाठी शोधायच्या आम्हाला असतात. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या जठराच्या कडेची पिवळी चरबी पातळ कापत, बोटांनी चाचपत जायचं. मसुराएवढं काही टणक लागलं की बाजूला काढायचं. दोन-तीन मिलिमीटरच्या गाठीतही कॅन्सर असू शकतो, त्यामुळे नुसत्या मोठ्या वेचून भागत नाही. कंटाळवाणं काम आहे, आणि घाईत केलं की आकड्यात दिसतं. सर्जननी ऑपरेशननंतर लगेच स्टेशनवार चरबी वेगळी करून, नाव घालून पाठवली की आमची मोजणी हमखास सुधारते. आधी केमो झाली असेल तर गाठी आक्रसतात. तेव्हा एनच्या आधी ‘वायपी’ लिहिलेलं असतं.

आता ऑपरेशन नोट काढा आणि त्यात डी १ की डी २ ते शोधा. डी १ म्हणजे मुख्यतः जठरालगतच्या गाठी. डी २ मध्ये यकृत आणि प्लीहेकडे जाणाऱ्या धमन्यांजवळच्याही निघतात. अगदी सुरुवातीचा कॅन्सर सोडला, तर डी २ हीच आजची रीत. नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत सुरुवातीला डी २ महागात पडलं होतं: ऑपरेशननंतरचे मृत्यू १० टक्के, डी १ मध्ये ४. त्यात प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूट काढण्याचा मोठा वाटा होता. १५ वर्षांनी मात्र जठराच्या कॅन्सरनेच दगावलेले डी २ मध्ये ३७ टक्के होते, डी १ मध्ये ४८. म्हणून आता डी २ करतात, पण प्लीहा शक्यतो राखून.

‘मग आणखी काढा ना’ हा हट्ट धरू नका. महाधमनीजवळच्या गाठीही सरसकट काढून बघितल्या जपानी सर्जननी, ५२३ रुग्णांच्या चाचणीत. २००८ साली निकाल आला. पाच वर्षं जगलेले नुसत्या डी २ मध्ये ६९.२ टक्के, जास्त काढलेल्यांत ७०.३. म्हणजे फरक नाहीच.

आकडा १६ च्या खाली असेल तर पॅथॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा, ‘उरलेली चरबी पुन्हा बघता येईल का?’ विचारण्यात संकोच नको, आम्हाला यात राग येण्यासारखं काही नाही. पण उशीर करू नका, कारण नमुना रिपोर्टनंतर काही आठवडेच ठेवलेला असतो. ऑन्कोलॉजिस्टकडे जाताना रिपोर्ट आणि ऑपरेशन नोट दोन्ही न्या: डी २ पेक्षा कमी झालं असेल तर केमोबरोबर रेडिएशनचाही विचार होतो, आणि ते नुसत्या रिपोर्टवरून त्यांना कळेलच असं नाही.