‘पुन्हा विचारू नका’: दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नीट कशी द्यायची

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा हंगाम भरात आला की अडत दुकानातल्या दिवाणजींना मान वर करायला फुरसत नसते. सौदा झाला, वजन झालं, की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, करायची: रवे (गुळाच्या ढेपा) किती, दर काय, हमाली-तोलाई किती वजा. पट्टी भरली की सॉफ्टवेअर विचारतं, ‘सेव्ह करायची का?’ मग ‘प्रिंट काढायची का?’ मग ‘नवी पट्टी सुरू करायची का?’ दिवसाला १५० पट्ट्या धरल्या तर ४५० वेळा एंटर. दोन दिवसांत बोटाला सवय लागते. डोळे वजनाच्या चिठ्ठीवर आणि बोट एंटरवर. मग एखाद्या दिवशी ‘पट्टी पुसायची का?’ यालाही त्याच बोटाने हो म्हटलं जातं.

म्हणून ‘पुन्हा विचारू नका’ या टिकबॉक्सवर टिक करून प्रश्न बंद करण्याची सोय द्यायची ती नुसता त्रास वाचावा म्हणून नाही. जो प्रश्न खरोखर वाचायला हवा, तो वाचला जावा यासाठी बाकीचे गप्प झाले पाहिजेत.

आधी सगळे प्रश्न गोळा करा

कोडमध्ये मेसेज बॉक्स (प्रश्नाची खिडकी) उघडणाऱ्या सगळ्या जागा शोधा आणि प्रत्येक प्रश्नापुढे चार गोष्टी लिहा: दिवसात किती वेळा येतो, उत्तर बहुतेक वेळा काय असतं, चुकीचं उत्तर दिलं तर काय जातं, गेलेलं परत आणता येतं का. पहिल्या दोन गोष्टी अंदाजाने लिहू नका. आठवडाभर प्रत्येक उत्तराची नोंद ठेवा, प्रश्न उघडल्यापासून उत्तर येईपर्यंत किती वेळ गेला तेही. अर्ध्या सेकंदाच्या आत आलेलं ‘हो’ म्हणजे कोणी काही वाचलेलं नाही.

ही यादी समोर आली की बरेचसे प्रश्न टिकबॉक्स न लावता थेट काढून टाकता येतात. ‘सेव्ह करायची का?’ हा त्यातला पहिला. माणसाने सेव्हचं बटण दाबलंय, त्याला परत काय विचारायचं? ‘प्रिंट काढायची का?’ हा प्रश्नच नाही, ती दुकानाची पद्धत आहे. ती सेटिंगमध्ये तीन पर्यायांनी द्या: नेहमी काढा, कधीच नको, दर वेळी विचारा.

पुसण्याच्या प्रश्नाला सर्वांत चांगला इलाज म्हणजे पुसलेलं परत आणण्याची सोय. पट्टी डेटाबेसमधून उडवू नका, तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करा, वेळ आणि नाव नोंदवा. स्क्रीनच्या खाली १० सेकंद एक ओळ दिसू द्या: ‘पट्टी क्र. ४१२ रद्द केली. परत आणा’. ती ओळ गेल्यावरही ‘रद्द पट्ट्या’ या यादीतून दिवस बंद करेपर्यंत पट्टी परत आणता आली पाहिजे, कारण चूक बहुतेक वेळा संध्याकाळी हिशेब जुळवतानाच सापडते. रद्द झालेला नंबर दुसऱ्या पट्टीला देऊ नका. शेतकऱ्याच्या हातात जुना कागद असू शकतो.

बाहेर गेलेली गोष्ट मात्र परत येत नाही. एसएमएस गेला की गेला. तिथे जीमेलने केलं तेच करा: पाठवा म्हटल्यावर ५, १०, २० किंवा ३० सेकंद थांबायचं, तेवढ्यात रद्द करता येतं. दुकानाला १० सेकंद पुरतात.

जे प्रश्न बंद करू द्यायचे नाहीत

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं उदाहरण घ्या. ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन परवाना) तयार झालं की त्यात गाडी नंबर बदलता येतो, पण मालाचा तपशील किंवा रक्कम बदलता येत नाही. चुकलं तर २४ तासांच्या आत रद्द करून नवं काढायचं, आणि वाटेत अधिकाऱ्याने तपासलं असेल तर तेही नाही. ई-इनव्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) पोर्टलवर २४ तासांतच रद्द होतं, त्यानंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वजा करणारा कागद) काढावी लागते. रद्द केलेला बिल नंबर परत चालत नाही. असल्या ठिकाणी ‘पुन्हा विचारू नका’ची चौकट दाखवूच नका. वर्ष बंद करणं आणि जुन्या बॅकअपवरून डेटा चढवणं हेही याच खात्यातलं. इथे हो-नाहीची बटणंसुद्धा कमी पडतात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रिपॉझिटरी (प्रकल्पाचा सगळा कोड) पुसताना तिचं नाव टाइप करावं लागतं, तसं इथे आर्थिक वर्ष टाइप करून घ्या. ‘२०२५-२६’ लिहिताना माणूस थांबतो.

प्रश्न बंद केला म्हणून नोंद बंद करायची नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं आणि ती बंद न करता येणं बंधनकारक आहे. तुमचं गिऱ्हाईक प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हे विसरून चालणार नाही.

टिकबॉक्स लावताना

प्रश्नाच्या तयार खिडक्या, म्हणजे विंडोजचा टास्क डायलॉग, मॅकचा एनएसअलर्ट, क्यूटी ५.२ पासूनचा क्यूमेसेजबॉक्स, इलेक्ट्रॉनचा मेसेज बॉक्स, या सगळ्यांत टिकबॉक्सची तयार जागा आहे. पण ते फक्त टिक झाली की नाही एवढंच सांगतात. लक्षात ठेवणं तुमचं काम. वेबवर ब्राउझरच्या कन्फर्म (हो-नाही विचारणाऱ्या) खिडकीत टिकबॉक्स बसत नाही. शिवाय क्रोममध्ये माणसाने पानाच्या खिडक्या रोखल्या की कन्फर्म काही न दाखवता लगेच ‘नाही’ परत देतं, आणि बटण मेल्यासारखं होतं. तिथे स्वतःची खिडकी बनवा.

आता सगळ्यात जास्त फसणारी जागा. माणसाने ‘पुन्हा विचारू नका’वर टिक केली आणि ‘राहू द्या’ दाबलं. काय लक्षात ठेवायचं? ‘नाही’ लक्षात ठेवलं तर उद्यापासून पुसण्याचं बटण दाबून काहीच होत नाही, आणि तुम्हाला फोन येतो की सॉफ्टवेअर बिघडलंय. ‘विचारू नका’ एवढंच लक्षात ठेवलं तर उद्या न विचारता पट्टी रद्द होते, जी त्याने आज नको म्हटली होती. नियम एकच: कामाला हो म्हटलं तरच टिक जपायची, ‘राहू द्या’ किंवा एस्केप दाबलं तर ती सोडून द्यायची. दोन्ही उत्तरं कामाचीच असतील, म्हणजे ‘चलन की बिल’ असं काही, तर जे निवडलं ते उत्तरही टिकेसोबत साठवा.

बटणावर ‘हो’ आणि ‘नाही’ लिहू नका. ‘पट्टी रद्द करा’ आणि ‘राहू द्या’ लिहा. टिकबॉक्स कधीही आधीपासून भरलेला नको. पहिल्याच वेळी तो दाखवायचीही घाई नको. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला की दाखवा, तोवर माणसाला कळलेलं असतं की आपण काय बंद करतोय.

प्रश्न बंद झाल्यावर काम मुकाट्याने होऊ देऊ नका. खालच्या ओळीत काय झालं ते दिसलंच पाहिजे, नाहीतर दिवाणजी खात्री नाही म्हणून तेच बटण दोनदा दाबतात.

साठवण

टेबलात पाच रकाने पुरतात: वापरणारा, प्रश्नाचा कोड, दिलेलं उत्तर, तारीख-वेळ, प्रश्नाची आवृत्ती. कोड म्हणून प्रश्नाचं वाक्य वापरू नका. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं तरी कोड बदलतो आणि बंद केलेला प्रश्न परत उगवतो. आवृत्तीचा रकाना याच्या उलट कामासाठी आहे: ‘पट्टी रद्द करा’ या बटणाने पुढच्या आवृत्तीत उचल नोंदही रद्द होऊ लागली, तर आवृत्ती वाढवा म्हणजे जुनी टिक आपोआप गैरलागू होते.

हे टेबल सर्व्हरवर ठेवा. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच संगणकावरच्या सेटिंगच्या साठ्यात, ठेवलं तर माणूस पुढच्या काउंटरवर बसला की प्रश्न परत सुरू. आणि खरी अडचण वेगळीच असते: बऱ्याच दुकानांत सगळे एकाच लॉगिनवर काम करतात. मालकाने केलेली टिक काल लागलेल्या पोरालाही लागू होते. प्रत्येकाला चार अंकी पिन देता आली तर उत्तम. नसेल तर टिकेची मुदत ‘आज दिवस बंद करेपर्यंत’ एवढीच ठेवा, आणि टिकेपुढे तेच शब्द लिहा.

परतीची वाट सेटिंगमध्ये द्या. तिथे भाषा उलटी करा. खिडकीत ‘विचारू नका’ असतं, सेटिंगमध्ये ‘पट्टी रद्द करण्याआधी विचारा’ असं लिहून टिक भरलेली किंवा रिकामी दाखवा. ‘विचारू नका’वरची टिक काढायची म्हणजे विचारायचं की नाही, यात भलेभले गोंधळतात. खाली एक बटण: ‘सगळे प्रश्न परत सुरू करा’.

स्कॅनर जोडून तपासा

कोल्हापुरी चपलांच्या दुकानात बारकोड स्कॅनर असतो, आणि बहुतेक स्कॅनर कोड वाचून झाल्यावर स्वतःच एंटर पाठवतो. बिलात एक जोड टाकला, ‘साठा शून्य दिसतो, तरी विकायचं का?’ असा प्रश्न आला, विक्रेत्याने न पाहता दुसरा बॉक्स स्कॅन केला. एंटर प्रश्नाच्या खिडकीत गेला, ‘हो’ झालं, आणि दुसरा जोड बिलात आलाच नाही. टिकबॉक्सवर फोकस असेल आणि कोडमध्ये मोकळी जागा असेल तर टिकही होते. तेव्हा तीन गोष्टी करा. खिडकी उघडली की फोकस ‘राहू द्या’वर ठेवा. पहिला एक सेकंद कळफलकाचं काही घेऊ नका. फायरफॉक्ससुद्धा सुरक्षेच्या खिडक्यांत बटण एवढाच वेळ बंद ठेवतो. आणि अंकांची ओळ वेगाने येऊन शेवटी एंटर आला तर तो माणसाचा नाही, स्कॅनरचा आहे असं धरून कोड बिलाच्या रांगेत ठेवा.

हे तपासायला खरा स्कॅनर लागतो. दहा बॉक्स घ्या, तिसऱ्याचा साठा शून्य करा, आणि स्क्रीनकडे न बघता एकामागून एक स्कॅन करा. प्रश्न उघडाच राहिला पाहिजे. उत्तर दिल्यावर तिसरा जोड त्या उत्तराप्रमाणे, आणि बाकीचे नऊ बिलात आलेच पाहिजेत.