लाइट जाणार हे धरूनच मोठ्या फाइली पाठवा

मालवणात रात्रभर चाललेल्या दशावताराचं चित्रीकरण पुण्यातल्या सर्व्हरवर चढवायचं असेल, तर एससीपीच्या (एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवणाऱ्या आज्ञेच्या) वाटेला जाऊ नका. लाइट गेली, राउटर बसला, की एससीपी पुन्हा पहिल्यापासून. 'झिप करून तुकडे पाड' हा सल्ला तर त्याहून वाईट. फाइली पाठवणारं आणि तुटलं तिथून पुढे चालू करता येणारं आरसिंक १९९६ पासून आहे, तेच वापरा. एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने) लॉगिन होतंय आणि दोन्हीकडे आरसिंक आहे, हे गृहीत धरतो. पासवर्डऐवजी 'की' वापरा, म्हणजे पासवर्ड न विचारता लॉगिन करून देणारी फाइल.

आज्ञा एवढीच (टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरं-आकड्यांत टाइप करा):

आरसिंक -एव्हीपी जत्रा/ सर्व्हर:/काम/

यात 'जत्रा' हे आपल्याकडचं चित्रीकरणाचं फोल्डर, 'काम' हे सर्व्हरवरचं. ए आणि व्ही लहान लिपीत, पी मोठ्या. मोठ्या पीमुळे अर्धवट चढलेली फाइल राहते; नाहीतर जोडणी तुटल्यावर आरसिंक ती पुसून टाकतं. झेड (पाठवताना डेटा दाबणारा पर्याय) लावू नका. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, उगाच प्रोसेसर तापतो.

आता मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट: 'जत्रा'पुढची ती तिरकी रेघ. रेघ असेल तर फोल्डरच्या पोटातलं सगळं थेट 'काम'मध्ये सांडतं. नसेल तर 'काम'मध्ये 'जत्रा' नावाचं फोल्डर तयार होऊन त्यात जातं. मुक्कामाच्या नावापुढे रेघ असो वा नसो, इथे फरक पडत नाही. सगळा खेळ उगमाकडचा. त्यात टॅब दाबून नाव पूर्ण केलं की टर्मिनल बहुधा ती रेघ न विचारता स्वतःच लावतं. म्हणून एंटर दाबण्याआधी नजर तिथेच हवी.

इथवर चूक झाली तर फार तर पसारा होतो. पण सोबत '--डिलीट' (उगमाकडे नसलेलं मुक्कामावरून पुसणारा पर्याय) असेल तर गाठ वेगळी. रेघ नसताना ते फक्त 'काम/जत्रा'मधलं जास्तीचं काढतं. रेघ असताना मात्र 'काम'मध्ये जे जे 'जत्रा'त नाही ते सगळं उडवतं, शेजारच्या फोल्डरांसकट. आरसिंकला कचरापेटी नाही, गेलं ते गेलं. 'आरशासारखी प्रत हवी तर डिलीट लावाच' असं बिनदिक्कत सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आधी लहान एन जोडून तालीम करा. प्रत्यक्षात काही हलत नाही, पण काय पुसलं जाणार त्या ओळी दिसतात. त्यात एकही अनोळखी नाव दिसलं तर थांबा. आणि फक्त पाठवायचंच असेल तर डिलीट हवंच कशाला?

राहिली लाइट. '--टाइमआउट=६०' (साठ सेकंद काहीच हललं नाही तर थांब) घाला, नाहीतर राउटर गेल्यावर आरसिंक मुकाट लटकून बसतं. मग पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला:

अनटिल आरसिंक -एव्हीपी --टाइमआउट=६० जत्रा/ सर्व्हर:/काम/; डू स्लीप ६०; डन

ती 'की' लागते ती इथे. पासवर्ड टाकायला रात्री कोण उठणार? नाव चुकलं असेल तर मात्र हे फिरतच राहील, पहिली फेरी समोर बसून बघा.

शेवटी वरची पहिली आज्ञा एन आणि लहान सी लावून एकदा चालवा. वेळ खाते, कारण दोन्हीकडच्या फाइली पूर्ण वाचून ताडल्या जातात. यादीत एकही फाइल आली नाही, तरच कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करा.