अमेरिकन फुटबॉल शिकायचाय? एक्सएफएलच्या पहिल्या सीझनपासून सुरू करा

डायरेक्ट एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग, पाहाल तर डोकं भनभनते भाऊ, ३२ टीम अन् शंभर वर्षांचा इतिहास, त्यापेक्षा २००१ ची एक्सएफएल ही छोटी लीग धरा. ८ टीम, १० आठवडे लीग, मग प्लेऑफ, ३ फेब्रुवारीला सुरू, २१ एप्रिलला फायनल अन् मे मध्ये लीगच बंद! कुस्तीवाला विन्स मॅकमॅहन अन् एनबीसी चॅनलनं मिळून काढली होती, त्यामुळे तमाशा भरपूर, पण खेळ खराखुरा.

आधी सोय पाहा. जुने सामने यूट्यूबवर सापडतात, रात्री नेट बरं चालते तेव्हा डाउनलोड करून ठेवा म्हणजे दुपारी लाईन गेली तरी टेन्शन नाही. १४४ वर ठेवू नका, बॉलच दिसत नाही.

आता मेन गोष्ट. ज्या टीमकडे बॉल तिला चार चान्स, त्यात १० यार्ड म्हणजे ३० फूट पुढं जायचं, गेले की पुन्हा नवीन चार. स्क्रीनवर थर्ड अँड सेव्हन आलं म्हणजे तिसरा चान्स अन् ७ यार्ड बाकी. डोक्यात बसत नसन तर झेडपी शाळेच्या ग्राउंडवर फक्कीनं ३० फुटांवर दोन रेघा मारा, चार पोट्टे इकडं चार तिकडं, बॉल नसन तर चिंध्यांचा चेंडू चालते, बॉलवाल्याला कबड्डीतल्या रेडरसारखं धरायचं. तीन चान्स संपले, दोन फूट कमी पडून रायले, अन् आता रिस्क घ्यायची का लाथ मारून बॉल लांब धाडायचा यावर भांडण लागलं की समजा पोट्ट्यायले खेळ समजला.

ती लाथ म्हणजे पंट, अन् एक्सएफएलची खरी मजा तिथंच आहे. एनएफएलमध्ये पंट झेलणारा हात वर करून 'मला हात लावू नका' सांगू शकते, इथं ती सवलतच नव्हती. टचडाउनचे, म्हणजे बॉल घेऊन समोरच्याच्या टोकाच्या पट्टीत घुसल्याचे ६ पॉइंट, पण त्यानंतर एका पॉइंटसाठी किक मारायची सोय नाही, २ यार्डांवरून पुन्हा घुसायचं. टॉसही नाही, दोन टीमचा एकेक गडी २० यार्ड पळून बॉलवर झडप घालायचा, पहिल्याच आठवड्यात ऑर्लँडोच्या एका खेळाडूचा खांदा त्यातच गेला. डेरिंग म्हणा का येडेपणा, मी तरी येडेपणाच म्हणीन.

ओपनिंगचा सामना लास व्हेगासनं १९-० नं जिंकला, बोर आहे, दहा मिनिटं पाहून पुढं ढकला. फक्त व्हेगासच्या रॉड स्मार्टची जर्सी पाहून घ्या, पाठीवर आडनावाच्या जागी 'ही हेट मी' लिहिलेलं. अन् मैदानावर तारेवरून फिरणारा कॅमेरा, आज आपण आयपीएलमध्ये पाहतो तसला, तो यायनं तेव्हाच धडाक्यात वापरला होता.

शिकायला बेस्ट दुसऱ्या आठवड्यातला लॉस एंजेलिस विरुद्ध शिकागो. सामन्यात जनरेटर बंद पडून लाईनच गेली (अमेरिकेत बरं!), वरून बरोबरी झाल्यानं दोनदा जादा वेळ (डबल ओव्हरटाइम), अन् चॅनलचा पुढचा मोठा प्रोग्राम उशिरा लागला. लॉस एंजेलिसचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मेन गडी) टॉमी मॅडॉक्स, सीझनचा एमव्हीपी म्हणजे बेस्ट खेळाडू, त्याच्यावरच नजर ठेवा: बॉल हातात आल्यावर तो आधी कुठं पाहते अन् फेकते कुठं.

फायनल लॉस एंजेलिसनं सॅन फ्रान्सिस्कोला ३८-६ नं धुतलं, पार एकतर्फी, म्हणून ती शेवटी नाही, मधातच कधीतरी पाहून टाका.