स्टार्टअप की मोठी कंपनी? इन-हाउस वकिलीची ऑफर अशी पारखा

इन-हाउस वकील म्हणजे कंपनीत पगारावर राहून तिचंच काम पाहणारा वकील. पवईतल्या स्टार्टअपची एक ऑफर आणि बीकेसीतल्या मोठ्या कंपनीची दुसरी, अशा दोन्ही हातात असल्या की नजर आधी सीटीसीवर (वर्षाच्या एकूण पगाराच्या आकड्यावर) जाते. त्याआधी काम तपासा.

१. मुलाखतीत सरळ विचारा, "गेल्या महिन्यात लीगलकडे काय काय आलं?" स्टार्टअपमध्ये व्हेंडरचे करार, एनडीए (गुप्ततेचे करार), गुंतवणूकदारांचा एसएचए (भागधारकांचा करार), पॉश समिती (लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची), डेटा संरक्षण हे सगळं एकाच टेबलावर येतं. मोठ्या कंपनीत बहुधा एकच विषय वाट्याला येतो, पण तो मुळापासून शिकता येतो.

२. तुमचा मसुदा कोण वाचणार, हे विचारा. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ग्राहकाकडून आलेल्या करारात इंडेम्निटीचं (नुकसानभरपाईच्या हमीचं) कलम असतं, पण भरपाईची कमाल मर्यादा कुठेच नसते. सेल्सला सही आजच हवी असते. ५ लाखांच्या कामासाठी कंपनी अमर्याद भरपाईला बांधली जाते. वर सीनियर असेल तर तो ही चूक तिथेच पकडतो. तुम्ही एकटेच असाल तर ही चूक वाद उभा राहीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अनुभव तीन वर्षांहून कमी असेल तर एकट्या वकिलाची जागा घेऊ नका. घ्यायचीच असेल तर बाहेरच्या लॉ फर्मसाठी बजेट आहे का, ते लेखी विचारून घ्या.

३. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीची कागदपत्रं पाहा. ऑडिटरच्या अहवालात पीएफ किंवा टीडीएसची थकबाकी आहे का? एओसी-४ (वार्षिक हिशेबाचा फॉर्म) वेळेवर भरलाय का? कंपनीत सीएस (कंपनी सेक्रेटरी) नसेल तर हा सगळा मागचा पसारा तुमच्याच गळ्यात पडणार.

४. ईसॉपला, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काला (ऑप्शनला), पगार समजू नका. कायद्यानं ग्रँटनंतर (ऑप्शन दिल्यावर) किमान एक वर्ष व्हेस्टिंग होत नाही, म्हणजे ते वापरता येत नाहीत. पूर्ण व्हेस्टिंगला बहुधा चार वर्षं लागतात. समजा ४०० ऑप्शन आहेत, एक्सरसाइजची (ऑप्शन वापरून शेअर घेण्याची) किंमत १० रुपये आणि त्या दिवशी शेअरचं मूल्य ५१० रुपये. फरकाचे २ लाख तुमच्या पगारात धरले जातात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ६२,४०० रुपये कर होतो, आणि तोही शेअर विकून पैसे हाती येण्याआधी. काही पात्र स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो. तुमची कंपनी त्यात बसते का, हे विचारा. नोकरी सोडल्यावर व्हेस्ट झालेले ऑप्शन किती दिवसांत घ्यावे लागतात, ते योजनेच्या मूळ कागदात वाचा. एचआरच्या तोंडी उत्तरावर राहू नका.

५. मोठी कंपनी लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) असेल तर शेअरव्यवहारावर बंधनं येतात. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे ठरावीक यादीतल्या लोकांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत, आणि लीगलचे लोक सहसा त्या यादीत असतात.

६. नोकरी कुठलीही घ्या, पूर्णवेळ पगारावर असताना वकिली करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळवून सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करा. हे राहून गेलं तर पुढे कोर्टात परतताना अडचण होते.

शेवटी नोटीस पीरियड पाहा. सध्याच्या नोकरीत तो ९० दिवसांचा असेल, तर नवी कंपनी तेवढं थांबेल असं ईमेलवर घ्या आणि मगच राजीनामा द्या.