रवाळ फज पुन्हा मऊ कसा केला

घरच्या जुन्या कृतीचा चॉकलेट फज, म्हणजे दूध-साखरेची मऊ वडी (साखर ६०० ग्रॅम, कोको ६०, लोणी ६०, दूध ३५० मिली), दाताखाली कचकचत होता. टाकायची गरज नसते. तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात पाऊण कप पाण्यासह मंद आचेवर पूर्ण विरघळवले. कडांची साखर ओल्या ब्रशने खाली उतरवली. तिथले कण राहिले तर सगळं मिश्रण पुन्हा रवाळतं. मग न ढवळता ११२ अंश सेल्सिअसपर्यंत उकळलं (हे पुण्यात, कारण उंचीमुळे इथे पाणीच ९८ला उकळतं; मुंबईत ११४). थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंबाची मऊ गोळी व्हायला हवी. खरी घाई पुढेच नडते: ४५ अंशांपर्यंत निवेस्तोवर चमचा लावायचा नाही. नंतर चकाकी जाईपर्यंत घोटून लगेच तूप लावलेल्या ताटात थापलं.