पऱ्याच्या पाण्यावर घरची वीज: या चुका टाळा

श्रावणात पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, दणाणून वाहत असतो आणि नेमकं तेव्हाच माणसाच्या डोक्यात टर्बाइन, म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरून वीज करणारं चाक, घुसतं. त्या पाण्यावर हिशेब मांडू नका. तुळशीच्या लग्नानंतर धार उतरू लागते, शिमग्याला बऱ्याच पऱ्यांत नुसते दगड. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला उन्हाळ्यातही पाणी दिसतं ते कोयनेच्या अवजलामुळे, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यामुळे. आपल्या पऱ्यामागे कोयना नाही. दर महिन्याला २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा, आणि उन्हाळ्यासाठी सोलर धराच.

बादली ५ सेकंदांत भरली तर सेकंदाला ४ लिटर. पाईपाच्या तोंडापासून टर्बाइनपर्यंत पाणी किती खाली उतरतं ती उंची गवंड्याच्या लेव्हल नळीने मोजा, मोबाइलवर नको. सेकंदाचे लिटर गुणिले उंचीचे मीटर गुणिले ५, एवढे वॅट साधारण हाती लागतात. ४ लिटर आणि २० मीटर म्हणजे ४०० वॅट. ऐकायला किरकोळ, पण रात्रंदिवस चाललं तर दिवसाला ९.६ युनिट.

मी स्वतः फसलो पाईपात. बागेतला दीड इंची, ५० मिमीचा पाईप पडून होता, तोच १०० मीटर टाकला. व्हॉल्व बंद असताना गेजवर २ किलो दाब, म्हणजे पूर्ण २० मीटर उंचीचा, मी खूश. व्हॉल्व उघडला आणि काटा पाऊण किलोवर आला! सेकंदाला ४ लिटर पाणी त्या पाईपातून नेताना १२ मीटर उंची घर्षणातच जाते. ९० मिमीच्या पाईपात मीटरभरसुद्धा जात नाही. तेव्हा वीज कमी मिळाली की टर्बाइनवाल्याला शिव्या घालण्याआधी गेजवरचे हे दोन आकडे बघा, व्हॉल्व बंद असतानाचा आणि उघडल्यावरचा. काटा थरथरतोय, धार फुरफुरतेय, तर पाईपात हवा आहे: तोंड पाण्यात खोल बुडवा, चढावाच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व बसवा.

वायरीचंही तसंच. २४ व्होल्टवर ४०० वॅट म्हणजे जवळपास १७ अँपिअर. ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीने १०० मीटर आणलेत तर १४ व्होल्ट वाटेतच संपतात. लांब अंतर असेल तर वीज चढ्या व्होल्टेजला आणा आणि घराजवळ उतरवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टर्बाइन सोलरच्या साध्या चार्ज कंट्रोलरला, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज सांभाळणाऱ्या डब्याला, जोडणं. बॅटरी भरली की तो जोडणी तोडतो. पॅनेलला त्याचं काही नाही, पण भार सुटलेलं टर्बाइन भन्नाट फिरतं, व्होल्टेज चढतं, कंट्रोलर जळतो, बेअरिंग जातं. जादा वीज हीटरच्या कॉइलकडे वळवणारा कंट्रोलर घ्या. न्हाणीत आयतं गरम पाणी.

पाईपाच्या तोंडावरची जाळी पाचोळ्याने तुंबते, रोज हात घालावा लागतो. आणि टर्बाइन पाणी पीत नसलं तरी त्यातून सुटलेलं पाणी खालच्या शेजाऱ्याचा पाट पऱ्यातून जिथे निघतो त्याच्या वरच पऱ्यात सोडा. भाऊबंदकीवर कंट्रोलर मिळत नाही.